‘तू बघून घे’ म्हणणारा अध्यक्ष

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या डिझायनर संघटनेची स्मरणिका निघाली तेव्हा संपादक मुलीनं माझ्याकडे लेख मागितला होता. मी लांबलचक लेख दिला. ‘फुकट नमुना बंद’ ही आमची मोहीम कशी उभी राहिली, कशी जिंकली, सगळं त्यात होतं. एक फोन तेवढा नव्हता. अजूनही कॉलेजांतून बोलावणी येतात. मी जातो, तीच गोष्ट सांगतो, टाळ्या घेऊन घरी येतो. जिंकल्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण त्या विजयात एका माणसाचं नाव खराब झालं, आणि ते मी होऊ दिलं.

तो माणूस माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ.

आमचा स्टुडिओ लाजपत नगरच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होता. आम्ही इमारतींच्या पाट्या आणि दिशादर्शक फलक डिझाइन करायचो. लिफ्ट कुठे, जिना कुठे, पार्किंग कुठे, हे माणसाला न विचारता कळावं एवढंच आमचं काम. मी ग्राहक आणायचो, मेहुणा काम करायचा. तो दिल्लीत जन्मलेला, मराठी बोलताना मध्येच ‘मतलब’ म्हणणारा, पण हात असा की त्यानं काढलेला बाण बघून पाय आपोआप वळायचे. नवा फलक तयार झाला की तो स्टुडिओच्या पॅसेजमध्ये चिकटवायचा आणि माझ्या सासूबाईंना घरून घेऊन यायचा.

“आई, काही न विचारता बाथरूम शोध.”

“मला नाही जायचं बाथरूमला.”

“तरी शोध.”

सासूबाई चष्मा वर सारून चालायला लागायच्या. चुकल्या तर मेहुणा फलक काढून टाकायचा. ग्राहक काय म्हणतो ते नंतर.

मी संघटनेचा अध्यक्ष झालो आणि आमच्या कामाची पद्धत बदलली. सकाळी तासभर स्टुडिओ, मग मंडी हाऊसजवळची संघटनेची खोली, मग सभासदांच्या भेटी. कधी नोएडा, कधी गुरुग्राम, कधी मंत्रालयातल्या कुठल्या सहसचिवाच्या दाराबाहेरचं बाकडं. गाडीच्या मागच्या सीटवर संघटनेचे बॅनर आणि स्टुडिओचे नमुने एकमेकांवर पडलेले असायचे. एकदा बिल्डरसमोर मी फलकाऐवजी ‘डिझायनर एकता’चा बॅनर उलगडला होता. बायको दार उघडताना विचारायची, “आज कोण आलंय? मालक की अध्यक्ष? अध्यक्ष असतील तर जेवण बाहेर झालं असेल.”

स्टुडिओतून दिवसभर फोन यायचे. रंग हा ठेवू का तो, छपाई कुणाला देऊ, ग्राहक घासाघीस करतोय. माझं उत्तर ठरलेलं असायचं: “तू बघून घे.” स्टुडिओत सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत होता. सरांनी हो म्हटलंय, कामाला लागा. त्या तीन शब्दांवर आमचा धंदा चालला आणि मी अध्यक्षपद मिरवू शकलो.

आमच्या धंद्याला लागलेली कीड म्हणजे फुकट नमुने. कंपनी पाच-सहा स्टुडिओंना बोलावणार, सगळ्यांकडून पूर्ण काम करून घेणार, एकाला ठेवणार. बाकीच्यांची मेहनत कचऱ्यात, आणि पुष्कळदा त्यातलीच एखादी कल्पना नंतर कुणाच्या तरी भिंतीवर दिसणार. ही रीत मोडायची असं मी ठरवलं. कुठल्याही सभासदानं मोबदल्याशिवाय नमुना करायचा नाही, असा ठराव वार्षिक सभेत मांडायचा होता. मोठे स्टुडिओ विरोधात होते, कारण फुकट काम करणं त्यांनाच परवडायचं. लहान स्टुडिओ माझ्या बाजूनं होते, पण घाबरलेले. म्हणून मी एकेकाच्या दारात गेलो. ओखल्यातल्या तळघरात बसणाऱ्या दोन बहिणींकडे गेलो, फरिदाबादला गॅरेजमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या एका सरदारजींकडे गेलो. “अध्यक्षजी, आप पहले डिज़ाइनर हैं जो सीढ़ियाँ उतर के आए,” त्या बहिणींतली थोरली म्हणाली. एवढा जिवंत मी आयुष्यात पुन्हा कधी नव्हतो.

आणि तेवढ्या काळात स्टुडिओ वाळत गेला. जुने ग्राहक माझ्यासाठी यायचे. मी भेटत नाही म्हटल्यावर दुसरीकडे गेले.

तो फोन आला तेव्हा मी संघटनेच्या खोलीत होतो. समोर सचिव आणि खजिनदार, टेबलावर समोसे. कोण कुठल्या बाजूला मत देईल याचा हिशोब चाललेला.

“जिजाजी, गुरुग्रामच्या बिल्डरकडून बोलतोय,” मेहुणा म्हणाला. “त्यांना गेटपासून लिफ्टपर्यंतच्या सगळ्या पाट्या नमुना म्हणून हव्यात. आवडलं तर काम देणार. नमुन्याचे पैसे देणार नाहीत.”

“हं.”

“मतलब, तुमच्या ठरावाच्या बरोबर उलट आहे हे. नाही म्हणून येऊ का? पण जिजाजी, नाही म्हटलं तर दिवाळीनंतर आपल्याकडे मोठं काम एकही नाही. स्टुडिओतल्या पोरांना काय सांगायचं? ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मग काय करू?”

सचिव खुणेनं विचारत होते, फरिदाबादवाले नक्की येणार ना? मी त्यांना मान डोलावून हो म्हटलं आणि फोनमध्ये म्हणालो, “तू बघून घे.”

घाईत नीट ऐकलं नाही, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. मी प्रत्येक शब्द ऐकला होता. हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती.

सभा लोधी रोडवरच्या एका सभागृहात होती. इतकी गर्दी की लोक मागे भिंतीला टेकून उभे. मी ठराव मांडला, चांगला बोललो. तेवढ्यात पुढच्या रांगेतून गुरुग्राममधल्या एका मोठ्या स्टुडिओचे मालक उठले. ठरावाचे सगळ्यात कडवे विरोधक.

“अध्यक्षजी, एक छोटी सी बात. एक बिल्डर के दफ़्तर में बड़े सुंदर बोर्ड देखे. पीछे आपके स्टूडियो का स्टिकर था. बिल्डर साहब कह रहे थे, मुफ़्त में बने हैं. भंडारा लगाया था क्या?”

सभागृह हसलं. लहान स्टुडिओवाले माझ्याकडे बघत राहिले. ओखल्याच्या दोघी बहिणी खाली बघत होत्या. त्या क्षणी ठराव माझ्या हातातून निसटत होता, ते मला स्पष्ट दिसलं.

मी माइक जवळ ओढला. “मुझे इसकी जानकारी नहीं थी. लेकिन प्रस्ताव पास हुआ, तो पहली कार्रवाई मेरे अपने स्टूडियो पर होगी.”

मेहुणा मधल्या रांगेत होता. तो उठला. माझ्याकडे बघितलंही नाही. “बोर्ड मैंने बनाए. अध्यक्षजी से पूछा नहीं था. ग़लती मेरी है.” आणि बसला.

आधी मागून टाळी आली, फरिदाबादच्या सरदारजींची. मग सगळं सभागृह वाजायला लागलं. स्वतःच्या घरापासून सुरुवात करणारा अध्यक्ष! हात वर झाले ते मोजायचीही गरज पडली नाही. लोकांनी मला अक्षरशः उचललं. ओखल्याची थोरली बहीण रडत होती.

बाहेर हिरवळीवर मेहुणा हातात प्लेट घेऊन उभा होता.

“जिजाजी, ठराव पास झाला ना? मग चेहरा असा का? चला, गुलाबजाम संपतायत.”

“तू असं का म्हणालास?”

“तुम्ही तसं म्हणालात म्हणून.” त्यानं माझ्या प्लेटमध्ये एक गुलाबजाम ठेवला. “घ्या. गरम आहे.”

आमच्या स्टुडिओचं सभासदत्व वर्षभरासाठी स्थगित झालं. त्या कागदावर अध्यक्ष म्हणून सही माझीच होती. मेहुणा आपण होऊन स्टुडिओतून बाहेर पडला. तो राहिला तर अध्यक्षांनी नातेवाईकाला सांभाळून घेतलं असं लोक म्हणतील, असं तो म्हणाला, आणि मी त्याला अडवलं नाही. गाझियाबादला त्यानं दुकानांच्या पाट्यांचं काम सुरू केलं, मग एका कॉलेजात शिकवायला लागला. आमच्या वर्तुळात मात्र तो कायमचा ‘भंडारेवाला’ झाला. माझ्यासमोरही लोक तसं म्हणून हसायचे. मी विषय बदलायचो.

मोहीम मात्र जिंकत गेली. तोच बिल्डर सगळ्यात आधी वाकला. पुढच्या इमारतीसाठी कुणीच फुकट करेना, तेव्हा त्यानं नमुन्यांचा मोबदला कबूल केला आणि ते काम ओखल्याच्या बहिणींना मिळालं. मग एका सरकारी महामंडळानं तीच अट आपल्या निविदेत घातली. त्यानंतर एकामागून एक कंपन्या आल्या. आज दिल्लीत शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला पहिल्या नमुन्याचे पैसे मागताना लाज वाटत नाही. पैसे मागायचेच असतात, हे तिला जन्मापासून माहीत असल्यासारखी ती मागते. हे आम्ही केलं. मला विचाराल तर माझ्या सगळ्या फलकांपेक्षा हे काम मोठं.

मेहुणा दर भाऊबिजेला गाझियाबादहून मेट्रोनं आमच्याकडे यायचा. बायको त्याला ओवाळायची, तो पाटावर बसल्या बसल्या माझी थट्टा करायचा. “ताई, आधी अध्यक्षांची परवानगी घे. नाही तर माझी ओवाळणी स्थगित व्हायची.” ती हसायची, मीही हसायचो. दर वर्षी मी ठरवायचो की आज बोलायचं. दर वर्षी त्याचा डबा फराळानं भरून त्याला स्टेशनपर्यंत सोडून परत यायचो. अशाच एका भाऊबिजेला तो गेल्यावर बायकोनं विचारलं होतं, “तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?” मी “नाही” म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मागच्या भाऊबिजेला तो येऊ शकला नाही. आजारानं फार बारीक झाला होता. आम्हीच गाझियाबादला गेलो. पलंगावर उशांना टेकवून बायकोनं त्याला ओवाळलं आणि बासुंदी गरम करायला ती आत गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

“त्या सभेच्या आधी,” मी सुरुवात केली, “तू मला फोन केला होतास.”

“जिजाजी, ते राहू द्या, ही गंमत ऐका.” तो एकदम सरसावून बसला. “माझी एक विद्यार्थिनी आहे, बुलंदशहरची. परवा तिला एका कंपनीनं नमुना मागितला. तर पठ्ठी म्हणते, पहले पेमेंट. आणि दिलं त्यांनी! मी वर्गात सांगितलं, ही रीत माझ्या जिजाजींनी आणली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मतलब, तुमच्यासाठी. बिल्कुल जिंकलो आपण.”

‘आपण’ म्हणाला तो. त्याचा चेहरा असा उजळला होता की मी फक्त मान डोलावली. मग बायको वाट्या घेऊन आली.

थंडी संपायच्या आत तो गेला.

काल मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, “मला सांगून आता काय? त्याला सांगायचं होतंत.”

म्हणून सांगतो. उशीर झाला आहे, तरी सांगतो.

तू विचारलं होतंस. मी सगळं ऐकलं होतं. फलक तू बनवलेस, पण हो मी म्हटलं होतं. त्या दिवशी उठून उभं राहायचं होतं ते मला. तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर.