अक्कांची फुशारकी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी काटेवाडीत, गोठ्यात होते. "काकी, आई गेली," एवढंच पुतण्या म्हणाला. म्हशीची धार अर्धी राहिली होती. ती पुरी केली आणि उठले.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. मुलाला कारखान्यात नोकरी लागली आणि त्या भवानीनगरला राहायला गेल्या. त्याआधी बारा वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं. अक्कांना फुशारकी फार, असं सगळे म्हणायचे. पण स्वतःचं त्या कधी सांगायच्या नाहीत, ना दागिना, ना माहेर. सांगायच्या ते माझं. "आमची कमळ चौथी शिकलीया, पर पेपर आख्खा वाचती. अन् जात्यावरच्या ओव्या? शंभर येत्यात तिला!" मी पदर तोंडाला लावून आत पळायची. ओव्या येत होत्या, आईकडून आलेल्या. पण चार माणसांत म्हणायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून उठायची...

एकदा भवानीनगरला पाहुण्यांकडे लग्नाची हळद दळायची होती. बायकांनी मला ओढून जात्याशी बसवलं. "म्हण गं, शंभर येत्यात म्हणं तुला."

"न्हाय येत," मी म्हणाले. "अक्का आपलं उगं बोलत्यात."

"अक्का, उघडी पडली की वं तुमची फुशारकी!" बायका हसल्या. अक्काही हसल्या. पण त्यानंतर त्यांनी माझ्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही.

अंगात नसलेलं मिरवायचं, ती फुशारकी. अक्का तर खरं बोलत होत्या. मी नाही म्हणाले, म्हणून त्याची फुशारकी झाली. हे त्यांना सांगायला हवं होतं. शेवटच्या आजारात बारामतीच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले होते, तेव्हाही नुसतं संत्रं सोलून दिलं...

गेल्या आठवड्यात त्याच पाहुण्यांकडे पुन्हा हळद होती. अक्कांचा विषय निघाला. "माणूस लाखाचं, पर फुशारकी लई. जावंला शंभर ओव्या येत्यात म्हणं!"

"येत्यात," मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी जात्याशी बसले. पहिल्या दोन-तीन ओव्या खाली बघूनच म्हटल्या. समोरची बाई दळता दळता थांबली, मग पुन्हा खुंटा फिरवू लागली. कुणी हसलं नाही. शंभर झाल्या का, ते ठाऊक नाही. पाटीतली हळकुंडं संपली, तेव्हा ओव्या उरल्या होत्या.