सर्वपित्रीचं कुत्र्याचं पान

बाबा गेले त्या वर्षी पावसानंही पाठ फिरवली होती. बीड बायपासची आमची कॉलनी नवीन. घरं भराभर उठत होती, पाणी मात्र टँकरनं यायचं. आसपासची गुरं चारा छावणीत गेलेली. सर्वपित्रीला गाईचं पान कुठं ठेवायचं हा प्रश्नच होता, पण कुत्र्याचं पान घेऊन अख्खी गल्ली आमच्या दारात. लासूर स्टेशनकडच्या धनगराकडून बाबांनी आणलेला आमचा कारवानी कुत्रा, खोल छातीचा, कुणाला नाही म्हणत नव्हता. खीर, वडे, पुन्हा वडे.

"आई, पुरे आता!" मी चिडून म्हणाले.

"पितरांचा घास आहे. नाही कसं म्हणू?"

खरं म्हणजे तो खात होता तेव्हा तिला बाबाच जेवल्यासारखं वाटत होतं. त्यात टँकर आला आणि कुत्र्यानं वर अर्धी बादली पाणी ढोसलं.

दुपारी तो बसेना. नुसत्या येरझारा, मधेच वळून स्वतःच्या पोटाकडे बघणं. आईनं ओव्याचं पाणी केलं. "ओकला की मोकळा होईल." एरवी तो गवत खाऊन ओकायचा आणि विसरायचा. आज उमासे येत होते, बाहेर फक्त लाळ. पोटाला हात लावला तर टणक. मी घाबरले.

रिक्षा मिळाली, पण पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला. "ताई, इथून बी बंद हाय," म्हणत रिक्षावाला पुन्हा वळला. कुत्र्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं, हिरड्या पांढुरक्या पडत चालल्या होत्या. आई पुटपुटत होती. त्याच्याशी नाही, बाबांशी.

"तुम्हाला तिकडं सोबत हवी असेल, पण याला नेऊ नका हो. मी इथं एकटी आहे."

मी तिच्या शेजारीच बसले होते.

जनावरांच्या दवाखान्यात पोहोचताच डॉक्टरांनी तोंडातून नळी घातली, हवा सुटली, पोट खाली बसलं. "पोटाला आतून पीळ पडला असता तर कठीण होतं. कोरडे उमासे आणि फुगलेलं पोट दिसलं की ओवा नको, थेट इकडे या. खाणं थोडं थोडं द्या, त्यावर भसाभसा पाणी नको."

पुढच्या सर्वपित्रीला शेजारच्या काकू पान घेऊन आल्या. आईनं त्यातला भाताचा एक घास त्याच्यापुढे ठेवला आणि बाकीचं परत केलं.

"अहो, पितर उपाशी राहतील!"

"राहू देत एक दिवस," आई म्हणाली.

मग ती त्याच्याजवळ फरशीवर बसली. जरा वेळानं तिनं माझा हात ओढून त्याच्या पोटावर ठेवला.

"बघ गं, मऊ आहे ना?"