साहेबाच्या खुर्चीखाली

कुठलीही वस्तू हातात आली की आत्या ती आधी उलटी करून बघायची. भांडं, चप्पल, देवळातला नारळसुद्धा. "वरून समदं चांगलंच दिसतं, वैनी. खालून बघावं." आता मला सांगा, शिऱ्याची भरली वाटी कुणी उलटी करतं का? माझ्या घरात तिनं केली होती. शिरा घट्ट होता म्हणून वाचला.

आत्या म्हणजे मुकुंदवाडीतली माझी शेजारीण. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. माहेर देवगाव रंगारीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. माणूस असो की मेथीची जुडी, आधी शक. माझ्यावरचा तिचा शक फिटायला माझ्या घरात दोन सुना याव्या लागल्या.

निजामाच्या वेळची जुनी कचेरी दुरुस्त करून लोकांना बघायला उघडली, तेव्हा मी म्हटलं, "चला आत्या, बघून येऊ. तिकीटही नाही."

"फुकट? का म्हणून?" तिनं डोळे बारीक केले. "कचेरीनं कधी कुणाला फुकट आत घेतलंय?"

मग हळूहळू तिनं सांगितलं. मेंढरं सरकारी रानात शिरली म्हणून तिच्या बापाला याच कचेरीत बोलावणं यायचं. बाप हिला बोटाला धरून आणायचा आणि दिवसभर पायऱ्यांखाली उभा राहायचा. फडक्यात भाकर असायची, पण गाठ सोडायचा नाही. तोंडात घास असताना पुकारा झाला तर? पुकारा काही व्हायचा नाही. भाकर तशीच वाळून घरी जायची.

"आत काय हाय ते बापानं कधी पाह्यलं नाय," ती म्हणाली. "मला एकडाव बघायचंय. पण तुमी संगं ऱ्हा. अन् माझं नाव कुणाला सांगू नगा."

निघताना बघते तर हिच्या पिशवीत भाकरीचं फडकं!

"अहो, तासाभराचं काम आहे."

"कचेरीचं काम? तासाभरात?"

फाटकावर रखवालदारानं अडवलं. "मौसी, थैली में क्या है?" तिनं गाठ सोडून दाखवली. त्यानं भाकर उचलून खाली काय आहे ते बघितलं. मी पदर तोंडाला लावला. आत्या मात्र खूश. "पोरगं हुशार हाय," म्हणाली. त्यानं नाव विचारलं तर हिनं बेधडक माझं सांगितलं.

उंबऱ्याशी तिनं चपला काढून पिशवीत घातल्या. भिंतीला नख लावून बघितलं. "रंग नवा हाय, वैनी. कायतरी झाकलंय." दारांमागं बघितलं, कोपरे बघितले. मग साहेबाची खोली आली. एक टेबल, एक खुर्ची, पुढं दोरी बांधलेली.

"एवढीशीच व्हय?"

माझ्या स्वैपाकघरापेक्षा थोडी मोठी असेल. आत्या गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि दोरीखालून डोकं घालून खुर्चीच्या खाली बघायला लागली.

"हाथ मत लगाओ, मौसी!" मागून रखवालदार ओरडला.

"हात नाय लावत. बघतेय."

किती वेळ वाकून होती! मला वाटलं, कंबर धरली. दंडाला धरून उठवलं, तर चेहरा असा की मला बघवेना.

"कायबी नाय, वैनी," ती म्हणाली. "कायबी नाय की हो तिथं."

बाहेर येऊन ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसली आणि फडकं सोडलं. रखवालदार आला, "इधर खाना मना है."

"घास तोंडात हाय, बाबा. आता कुणी पुकारलं तरी उठायची नाय."

तो बिचारा दुसरीकडं बघत उभा राहिला. तिनं भाकर मोडून अर्धी मला दिली. "घ्या. मऊ हाय अजून."

आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. परवा पाहुण्यांना घेऊन मी पुन्हा त्या कचेरीत गेले. फाटकावर तोच रखवालदार. त्यानं मला ओळखलं. "वो मौसी नहीं आयी?" मी मान हलवली आणि पिशवी उघडून त्याच्यापुढं धरली. त्यानं आत बघितलंसुद्धा नाही, "जाओ अम्मा" म्हणाला.

आत्याला हे अजिबात आवडलं नसतं.