कपाटातला वायफाय

तारकर्लीच्या आमच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. वायफायचा राउटर नवऱ्याने लोखंडी कपाटात ठेवला होता. "खाऱ्या वाऱ्यान कुजात गो ता," असं त्याचं म्हणणं. पासवर्ड मात्र फाटकावर रंगवलेला. संध्याकाळी निम्मी वाडी आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, मोबाईल घेऊन बसायची.

महिनाभर राहून ऑफिसचं काम करायला आलेली पुण्याची पाहुणी दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "काकू, मीटिंग सारखी तुटते. उद्या मला दुसरीकडे जावं लागेल."

मी राउटर कपाटातून काढला आणि तिच्या खोलीच्या दारासमोर, पडवीच्या वाशाला उंच टांगला. चिऱ्याची जाड भिंत आता आड येत नव्हती. फाटकावरची अक्षरं रंगाने बुजवली, पासवर्ड बदलला, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क केलं. आमचा बुकिंगचा कॉम्प्युटर त्यापासून वेगळा ठेवला.

गडगा रिकामा झाला. नवरा मोबाईल हलवत आला. "गो, माझो पण बंद पडलो!"

"आता माका इचारूक लागतला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणीची मीटिंग एकदाही तुटली नाही. ती महिनाभर राहिली. राउटर अजून वाशालाच आहे. त्याच्यावरचा खारा थर मी दर रविवारी पुसते. कुजलेला नाही.