भाचीचं लग्न, तीन मिनिटांत

माझ्या एकुलत्या एका भाचीचं लग्न मी तीन मिनिटांत उरकलं. (मांडवात त्याला दोन दिवस लागले होते!)

कैनाडला माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. गिऱ्हाईक आधी, घरचं मागाहून, हा माझा नियम. त्यामुळे वनिताचं मे महिन्यातलं लग्न ऑगस्ट उजाडला तरी माझ्या कॉम्प्युटरमध्येच पडून होतं. तिचे वडील, म्हणजे माझे भावजी, उधवा गावचे. सौराष्ट्रातल्या मासेमारी बोटीवर खलाशी. ऑगस्टात गेले की मे महिन्यातच घरी.

जायच्या दिवशी सकाळी भावजी पिशवी घेऊन माझ्याकडे हजर. दोनला तलासरी नाक्यावरून जीप.

"सुरेश, मी पोरीचं लग्न बघितलंच नाही रे," ते म्हणाले. "निदान बोटीवर बघीन."

खोटं नव्हतं. विधीला थोरल्या भावाला बसवून हा माणूस दोन्ही दिवस पाण्याच्या टँकरमागे धावत होता. अक्षता पडल्या तेव्हा भाताचं टोप उतरवत होता.

फिल्म अडीच तासांची. ती एक्स्पोर्ट करायला, म्हणजे जोडून एक फाईल बाहेर काढायला, माझं मशीन पाच तास घ्यायचं. पण आदल्याच दिवशी वापीच्या एका मित्राने नवी सेटिंग दाखवली होती. सगळा भार ग्राफिक्स कार्डवर टाकायचा, की काम झपाझप! मी लगेच चाचणी घेतली होती, माझ्या सर्वांत आवडत्या तुकड्यावर. त्यात बेंजो पार्टीपुढे मी स्वतः नाचतोय. (कॅमेरा स्टँडवर लावून उतरलो होतो. मामाला हौस नको?) त्या तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला खुणा केल्या होत्या. खुणा असल्या की सॉफ्टवेअर तेवढाच तुकडा काढतं. त्या पुसायच्या राहिल्या.

बटण दाबलं. तीन मिनिटांत काम फत्ते!

"झालं?" भावजींनी विचारलं.

"भावजी, जमाना बदलला," मी म्हटलं, आणि वर ग्राफिक्स कार्डवर भाषण ठोकलं. बिचारे मान डोलावत ऐकत होते. फाईल त्यांच्या मोबाईलच्या कार्डात टाकली, लावून बघितली. मांडव दिसला, बेंजो वाजला. लगेच त्यांनी बंद केलं. बोटीवर सगळ्यांबरोबरच बघणार म्हणाले.

वीस दिवसांनी बोट बंदराला लागली तेव्हा त्यांचा फोन आला. व्हिडिओ बघितला, तू चांगला नाचतोस, एवढंच बोलले. मी ते अर्ध्या गावाला सांगितलं. तुळशीच्या लग्नानंतर नवी कामं आली, डिस्क भरली. वनिताचं लग्न पोचतं झालेलं, म्हणून ते निर्धास्तपणे डिलीट मारलं. ताई, म्हणजे वनिताची आई, स्वतःसाठी कॉपी मागत होती. तिला म्हटलं, भावजी आले की त्यांच्या कार्डातून घे, परत एक्स्पोर्ट कशाला?

मे महिन्यात भावजी आले. ताईने शेजारपाजार गोळा केला, वनिता सासरहून आली, व्हिडिओ टीव्हीवर लावला. बेंजो वाजला. मी नाचलो. गाणं संपलं, आणि टीव्ही काळा झाला.

"बाकीचं?" ताईने विचारलं.

खुणा पुसायच्या राहिल्या, मूळ लग्न मीच डिलीट मारलं, सगळं कबूल केलं. वनिता उठून आत गेली. मला कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फोनवर तेव्हाच का नाही सांगितलंत, असं मी भावजींना विचारलं.

"मला काय माहीत? मशीन तीन मिनिटं चाललं, मला वाटलं तेवढंच निघतं."

मग त्यांनी व्हिडिओ मागे नेला आणि एका जागी थांबवला. माझा हात वर, आणि कोपरामागे मुंडावळ्या नि एक डोळा.

"ही बघ वनिता. नऊ महिने इथंच थांबवून बघत होतो." आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुझं कोपर थोडं खाली असतं ना सुरेश, तर पोरीचं तोंड पुरं दिसलं असतं."

मी अजूनही लग्नात बेंजोपुढे नाचतो. फक्त दोन्ही हात खिशात घालून.