आग्नेय कोपऱ्यातली फरशी

पुंडलिकनगरातल्या त्रिंबक गुरुजींच्या घरात काहीतरी आहे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. स्वयंपाकघराचं दार आपोआप मिटायचं. भर दुपारी नळ कण्हायचा. वरच्या खोलीत भाडेकरू वर्षभर टिकला तर लोक त्याला धीराचा माणूस म्हणायचे. पण हे सगळं कोणामुळं झालं, ते जगात दोघांनाच माहीत होतं, कडुबा गवंड्याला आणि त्याच्या बायकोला, बानाबाईला. निदान कडुबाची तशी पक्की समजूत होती.

कडुबा मूळचा कन्नड तालुक्यातला. तो शहरात आला तेव्हा पुंडलिकनगरात घरं कमी आणि बाभळी जास्त होत्या. स्वतःच्या कामाचा त्याला भारी अभिमान. दुसऱ्या गवंड्याची भिंत दिसली की एक डोळा मिटून तिच्याकडं बघायचा, नाक मुरडायचा, मगच पुढं जायचा. गुरुजींचं घर हे त्याचं पहिलं स्वतंत्र काम होतं, आणि वास्तुशांतीच्या दिवशी भर मंडपात गुरुजींनी त्याला शाल पांघरवून सांगितलं होतं की हा गवंडी सुतभरही चुकत नाही.

चुकला तो त्यानंतर तासाभरात. भटजींना त्या दिवशी आणखी तीन वास्तू होत्या. त्यांनी पूजा आटोपली, वास्तुपुरुषाची तांब्याची डबी कडुबाच्या हाती दिली आणि आग्नेय कोपऱ्यातल्या खड्ड्यात ठेवून वर फरशी बसव म्हणून बजावलं. कडुबानं आधी पुरणपोळ्या हाणल्या. मग पेंगुळलेल्या डोळ्यांनी फरशी अशी बसवली की वर पाणी ओतलं तरी इकडचं तिकडं वाहणार नाही. घरच्यांनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य ठेवला. संध्याकाळी मुकुंदवाडीत घरी येऊन त्यानं थैली उपडी केली, तर थापी, ओळंबा आणि त्यांच्या मागून डबी बाहेर पडली.

खांद्यावर नवी शाल असलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी जाऊन काय सांगायचं? त्यानं डबी घरातल्या पेटीमागं ठेवली आणि बानाबाईला शपथ घातली. आठवड्यानं पेरणीला गावी गेला. परत येऊन बघतो तर आग्नेय कोपऱ्यातली ती फरशी सुतभर वर आलेली. कडुबाच्या अंगावर काटा आला. फरशी आपण सपाट बसवली होती, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे रिकाम्या जागेत कोणीतरी येऊन बसलं होतं.

तेव्हापासून त्या घराचं दार वाजलं, नळ कण्हला की कडुबा हजर. मजुरीचं नाव काढू द्यायचा नाही. गुरुजी गेले त्या वर्षी तर तो त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. त्या बिचाऱ्या मात्र दर सणाला त्याच्या हाती झाकलेलं ताट द्यायच्या आणि न चुकता सांगायच्या, घरी गेल्यावर आधी कोपऱ्यात ठेव, मग खा. बानाबाई ते पेटीजवळ ठेवायची. कडुबाला वाटायचं, बायकांच्या रीती असतात एकेक. मग तो मुकाट्यानं जेवायचा.

अशी बत्तीस वर्षं गेली. यंदा गुरुजींच्या सोमनाथनं घर पाडून फ्लॅट बांधायचं ठरवलं. लक्ष्मीबाईंनी एकच अट घातली, आधी वास्तुपुरुष काढायचा आणि तो कडुबानंच काढायचा. निरोप ऐकून कडुबाच्या पायाखालची जमीन सरकली. आता म्हातारपणी सगळ्या नगरात आपली छी थू होणार, आणि लक्ष्मीकाकूंचा दरवाजा आपल्याला कायमचा बंद. शेवटी त्यानं डबी थैलीत घातली. खणताना हळूच खड्ड्यात सोडायची आणि सापडली म्हणायचं.

सकाळी सोमनाथ अंगणात फोनवर होता. लक्ष्मीबाई आत खुर्चीवर. कडुबानं फरशी उचकटली, थैलीत हात घातला, आणि दुसऱ्या हातातली थापी खड्ड्यात कशावर तरी टणकन वाजली. माती सारली तर खाली तांब्याची डबी. कडुबा एक डबी खड्ड्यात, एक मुठीत, असा उकिडवा बसून राहिला.

"थैलीतली बी काढ बाहेर," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तू पेरणीला गेलास आन् बानाबाई रडत आली माझ्याकडं. म्या दुसरी डबी आणून ठेवली."

"मंग मला सांगितलं का नाय, काकू?"

"सांगितलं असतं तर पुन्हा या दारात आला असतास का तू?"

मग या घरातलं भूत कोण, असं कडुबानं चाचरत विचारलं. लक्ष्मीबाईंनी शांतपणे सांगितलं की दार मिटतं ते चौकट वाकडी बसवल्यामुळं, आणि नळाचंही तसंच काहीतरी असणार. लबाडी उघडी पडली तेव्हा कडुबा नुसता ओशाळला होता. वाकड्या चौकटीचं ऐकून मात्र त्याचा चेहरा पार उतरला.

त्यानं मुठीतली डबी त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती परत त्याच्या हातात दिली.

"खड्ड्यातला मी फ्लॅटात नेते. ह्यो तुझा. ताट कशाला धाडत होते दर सणाला? आमचा देव तुझ्याकडं राहायला होता, त्याला उपाशी ठेवू व्हय?"

कडुबाला हुंदका आला. त्यानं टॉवेलनं डोळे पुसले, नाक पुसलं. तेवढ्यात त्याचं लक्ष उचकटलेल्या फरशीकडं गेलं आणि जुनी खोड जागी झाली.

"पण काकू, ही बसवली कोण्या गवंड्यानं? लई गचाळ काम. सुतभर वर ठेवली."

"मी बसवली," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "गवंड्याला बोलावलं असतं तर तुझी चूक साऱ्या नगरात माहीत झाली असती. पुढं कोणी तुला वीट लावू दिली नसती."

कडुबानं ती फरशी उचलली, अंगणात नेली, नळाखाली धरून हातानं स्वच्छ धुतली. सोमनाथनं विचारलं, ही जुनी फरशी आता कशाला? कडुबा म्हणाला, घरी बसवायची आहे, कोपऱ्यात, अशीच सुतभर वर.