सुंदररावांच्या मुंग्या, आश्रुबाची चिलटं

आश्रुबाच्या नावावर उभ्या जन्मात ना शेत झालं, ना घर. चाळिशी उलटल्यावर एक पाप तेवढं झालं, आणि तेही त्याच्या मनात नसताना. युसूफ वडगावच्या अलीकडच्या एका खेड्यात तो सुंदरराव देशमुखांची बैलं सांभाळायचा. बैलांना सांगितलेलं कळतं, असं तो म्हणायचा. मालकांबद्दल तो काही म्हणायचा नाही.

राज्य निजामाचं होतं, पण सुंदररावांचा जीव त्याहून मोठ्या कारभारात अडकला होता. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा जाणार? ते म्हणत आमचा, त्यांचे चुलतभाऊ मोहनराव म्हणत आमचा. मुकदमा हैदराबादेला गेला आणि अकरा वर्षं तिथंच मुक्कामाला राहिला. दर पोळ्याला दोघांचे बैल शिंगं रंगवून वेशीबाहेर उभे राहत, आणि दिवस कलला की पोलिसांचे अमीनसाहेब येऊन दोघांनाही हाकलून देत. बैल बिचारे गुमान घरी येत. त्यांना मानाचं काही नव्हतं, वैरणीचं होतं.

शेवटी उत्तरेश्वर जोशींनी पत्रिका उघडली. शनी आडवा आलाय, म्हणाले. काळ्या मुंग्यांना सव्वा वर्ष रोज साखर घाला, फैसला तुमच्या बाजूनं होईल. सुंदरराव दोन दिवस बांधावर जाऊन साखर घालून आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की मुंग्या साखर उचलतात ती थेट बांध ओलांडून मोहनरावांच्या शेतात नेतात. वारूळ तिकडं होतं. साखर आपली आणि पुण्य भाऊबंदाला, या विचारानं मालकांना घास गिळेना.

"आश्रुबा," ते म्हणाले, "आपल्याच रानातल्या मुंग्या घरी आण. चांगल्या बघून आण."

आश्रुबानं अर्धा दिवस खणून एक वारूळ राणीमुंगीसकट काढलं, मोडक्या झुंबराच्या काचेच्या हंडीत मातीसह भरलं आणि हंडी पाण्याच्या परातीत ठेवली, म्हणजे एकही मुंगी फितूर व्हायला नको. सुंदरराव लोडाला टेकल्या टेकल्या चिमूटभर साखर टाकत आणि पुण्य अंगी लागतंय का ते बघत.

महिनाभरात मुंग्या रोडावल्या. काचेतून दिसणारी त्यांची पांढरी पिल्लं काळी पडून मरू लागली. मुंग्या गेल्या तर मुकदमा गेला, आणि मुकदमा गेला तर आश्रुबाचं काही खरं नव्हतं. तो हंडीपुढं उकिडवा बसून राही. बैलांची दुखणीही त्यानं अशीच बघून बघून ओळखलेली. एक दिवस सडक्या सीताफळावरचं एक चिलट आत पडलं. साखर टाकून सगळ्या मुंग्या त्याच्यावर तुटून पडल्या आणि ते ओढत पिल्लांकडं घेऊन गेल्या. नुसत्या साखरेवर लेकरं कुठं जगतात, असं आश्रुबाच्या मनात आलं, आणि त्याला घर आठवलं. त्याची दोन लेकरं बारशाआधीच गेली होती. बायकोला, भिवराबाईला, आता सातवा महिना होता.

त्यानं गोठ्याच्या कोपऱ्यात मडकी मांडली. तळाशी पिचकी सीताफळं आणि पेरू, वर ओलं भुसकट, तोंडाला फडकं आणि फडक्याला बोटाएवढं भोक. चिलटं आत शिरायची आणि बाहेरची वाट विसरायची. आठवड्यात अळ्या वळवळायच्या, मग मडक्याच्या अंगाला कणीएवढे तांबूस कोष चिकटायचे, आणि थोड्याच दिवसांत नवी चिलटं भणभणायची. कडुलिंबाचा धूर दिला की ती गुंगून पडत. पळसाच्या पानावर झटकायची आणि हंडीत टाकायची. मुंग्या पुन्हा बाळसं धरू लागल्या. सुंदररावांच्या पुण्याईचा गावभर बोलबाला झाला.

मग एकदा मालक स्वतः गोठ्यात आले आणि त्यांनी फडकं उचललं. अळ्या बघून त्यांना आधी ओकारी आली, मग धर्म आठवला.

"रोज एवढे जीव मारतो? हे पाप कोणाच्या माथी बसणार?"

"मुंग्यांला लागतंय मालक. साखरंवर पिल्लं जगत न्हाईत."

जोशीबुवांना बोलावणं गेलं. मुंग्यांचं पुण्य वेगळं आणि चिलटांचं पाप वेगळं, दोन्हीची वाटणी करता येते, असं त्यांनी सांगितलं. वाटणी म्हटल्यावर सुंदररावांना लगेच पटलं. आश्रुबाला पाटावर बसवलं, उजवा हात पुढं करायला लावला. मालकांनी त्यावर पळीभर पाणी सोडलं, आणि चिलटांचं मागचं-पुढचं सगळं पाप आश्रुबाचं झालं.

भिवराबाईनं हे ऐकलं आणि तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"कावून हात पुढं केला तुमी?"

"मालक म्हणले."

"पोटात हाय ते मालकाचं न्हाई, तुमचं हाय. तुमचं पाप कुणाला लागंल मग?"

त्या दिवसापासून म्हातारी, पंख झडलेली चिलटं तेवढीच आश्रुबा वेचून हंडीत टाकी, आणि पान झटकताना पुटपुटे, "माझ्या लेकराला धरू नका, काम मालकाचं हाय." गडीमाणसं हसायची. त्याला हसू येत नव्हतं, त्याला फार भ्या वाटत होतं.

मुलगी झाली. पाचवी पुजून झाली. बाराव्या दिवशी आश्रुबा कामाला गेलाच नाही. दिवसभर पाळण्याची दोरी धरून तिचं पोट वरखाली होतंय का ते बघत बसला. होत होतं. महिन्याची झाली तशी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, आणि नवराबायको ते रडणं गाणं ऐकावं तसं ऐकत बसले.

त्याच सुमारास हैदराबादेहून फैसला आला. उर्दूत होता, पटवाऱ्यानं वाचून सांगितलं की पोळ्याचा मान मोहनरावांचा. सुंदररावांनी जोशीबुवांना धारेवर धरलं. बुवांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, घोटाळा वाटणीत झाला. मुंग्या साखरेवर जगल्याच नाहीत, चिलटांवर जगल्या. म्हणजे खाऊ घातलं आश्रुबानं. आपण पाप म्हणून सोडलं ते पुण्यच होतं.

"अपील करायचंय मला," सुंदरराव म्हणाले. "परत आणा ते."

असे देशमुख पहिल्यांदाच आश्रुबाच्या झोपडीशी आले. मागं जोशीबुवा तांब्या-पळी घेऊन. आश्रुबा उंबऱ्यात बसला होता, लेक दोन्ही हातांवर. सुंदररावांनी तळहात पुढं केला.

"त्या दिवशी दिलेलं परत पायजे, आश्रुबा. पळी घे आन् पाणी सोड."

पाप की पुण्य हे आश्रुबाला कळत नव्हतं. जे काय होतं ते घरात असताना लेकरू जगलं होतं.

"हातात पोरगी हाय, मालक."

"मग तिला खाली ठिव की."

"दोन लेकरं ठिवली मालक मातीत," आश्रुबा म्हणाला. "हिला न्हाई खाली ठिवणार."